दगड एक, माती वेगवेगळी : बेळगाव भागात आपल्या उताराची माती कशी वाचायची

ज्वालामुखीची माती म्हटलं की सुपीक, असं आपण शाळेपासून ऐकत आलोय आणि त्यात खोटं काही नाही. पण सकाळी बेळगुंदी-कुद्रेमानीकडच्या माळावर तांबडी माती हातात घ्या, आणि तशीच गाडी मारत संध्याकाळपर्यंत अथणीकडं जाऊन काळ्या रानात कुदळ घालून बघा, दोन्हीकडचा मूळ दगड तोच, लाव्हा गोठून झालेला काळा बेसॉल्ट, आणि माती मात्र एकमेकींच्या वाऱ्याला उभ्या राहणार नाहीत अशा. एकीत रताळी आणि काजू, दुसरीत हरभरा आणि शाळू. एक आंबट, दुसरी चुनखडीची. एकीत पाणी टिकत नाही आणि दुसरीतून हटत नाही.

आपल्याकडं माती सर्व्हे नंबरप्रमाणं बदलत नाही, उताराप्रमाणं आणि पावसाप्रमाणं बदलते. चार एकराच्या एकाच तुकड्यात माथ्याला मुरूम, मधे तांबूस आणि ओढ्याच्या कडेला पाय रुतणारी काळी असं सर्रास असतंय, आणि आपण काय करतो, चारी कोपऱ्यातली माती एका पिशवीत कालवून लॅबला देतो. मग रिपोर्ट येतो तो सरासरीचा, म्हणजे अशा मातीचा जी तुमच्या रानात कुठंच नाही, आणि त्या रिपोर्टावर खतं टाकायची. म्हणून हा लेख. यात पैसा फारसा लागत नाही, एक-दोन दिवस आणि खड्डे काढायची तयारी लागते.

आधी राख आणि लाव्हा यातला फरक

जगात खरोखर ज्वालामुखीच्या राखेतून झालेल्या माती आहेत त्या जपान, जावा, न्यूझीलंड, पूर्व आफ्रिका, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या खोऱ्यांत. राख म्हणजे काचेचे बारीक कण, आणि ही काच हवापाण्यानं लवकर फुटते, त्यातून अ‍ॅलोफेन आणि इमोगोलाइट नावाची फार बारीक खनिजं तयार होतात जी कुजलेला पालापाचोळा घट्ट धरून ठेवतात. म्हणून ती माती काळीभोर, भुसभुशीत आणि हलकी असते, एक घन सेंमी कोरड्या मातीचं वजन ०.९ ग्रॅमपेक्षा कमी. अशा मातीला अँडोसोल म्हणतात. तिचा मोठा दोष म्हणजे टाकलेलं स्फुरद (फॉस्फरस) ती गिळून बसते, शंभरातलं पंच्याऐंशी भाग किंवा जास्तच, आणि पिकाला सोडत नाही. आणि जगाच्या जमिनीत अशी माती जेमतेम एक टक्का आहे, त्यामुळं ज्वालामुखी म्हणजे सुपीक हे समीकरण सगळीकडं लावता येत नाही.

आपलं प्रकरण वेगळं. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले, आणि आजसुद्धा सुमारे ५ लाख चौरस किमीवर तो पसरलेला आहे. या सगळ्या पसाऱ्याची दक्षिणेकडची कड आपल्या बेळगाव भागातच संपते, खानापूरच्या दक्षिणेला गेलं की त्याच्यापेक्षा कितीतरी जुने दगड वर येतात, आणि गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो तो पण लाव्हाचा नाही, जुना क्वार्टझाइट आणि वालुकाश्म आहे. म्हणून "आपल्याकडं सगळा बेसॉल्टच" असं धरून चालू नका, आधी दगड फोडून बघा. ताज्या फोडीवर काळपट-निळसर, जड, दाणे डोळ्याला न दिसणारा तो बेसॉल्ट. त्यात कधी पोकळ्या आणि पोकळ्यांत पांढरे चमकणारे खडे असतात, ते झिओलाइट किंवा गारगोटी. झिओलाइट असेल तर चांगलं, त्यातनं मातीला कॅल्शियम मिळत राहतंय.

मग राख कुठंच नाही का, तर आहे, पण थोडी. घाटातल्या रस्त्याच्या कापात दोन लाव्ह्यांच्या मधे विटकरी रंगाचा पट्टा दिसतो, कुठं वितभर, कुठं कमरेएवढा. त्याला रेड बोल म्हणतात. बराचसा तो खालच्या थराचा वरचा भाग कुजून झालेला, आणि काही ठिकाणी त्यात राखपण आहे असं अभ्यासक म्हणतात. हा पट्टा म्हणजे आजची माती नव्हे हे लक्षात ठेवा, नाहीतर खड्ड्यात तो लागला की "खाली तांबडी माती हाय" म्हणून झाड लावायला निघतात लोक. एक गोष्ट मात्र त्याची उपयोगाची, त्याच्यावरून पाणी पाझरतं, झरे बऱ्याचदा तिथंच असतात. आणि पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरीजवळ नदीच्या गाळात राखेचा थर सापडलाय, तो सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीचा मानतात, तिथला मोठा उद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा. पण तो गाळात गाडला गेलेला थर, आपल्या रानाची माती त्यातून झालेली नाही.

एका दगडाच्या दोन माती का होतात

हे समजलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप समजतात, म्हणून इथं जरा थांबतो. बेसॉल्टात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, सिलिका भरपूर असतंय. पावसाचं पाणी दगडात मुरलं की हे हळूहळू सुटायला लागतं. आता प्रश्न एवढाच, सुटलेलं निघून जातं का तिथंच राहतं.

कणकुंबीकडं, जिथं मलप्रभा उगम पावते, वर्षाला तीन हजार मिमीच्या वर पाऊस. पाणी येतं आणि उतारावरून जातं, बरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिकाचा बराचसा भाग पण घेऊन जातं. मागं राहतं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. लोहाला हवा लागते, ते तांबडं होतं, आणि चिकणमाती तयार होते ती केओलिनाइट नावाच्या खनिजाची, जी फुगत नाही, भेगा पडत नाहीत, आणि अन्नद्रव्यं धरायची ताकद कमी. हेच फार काळ चाललं की जांभा, म्हणजे चिऱ्याचा तांबडा दगड. बेळगाव-चंदगड भागात बॉक्साइट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं खनिज, निघतं ते याच प्रकाराचं पुढचं टोक, आणि बेळगावात १९६९ पासून अ‍ॅल्युमिनाचा कारखाना आहे तो त्याच जोरावर उभा राहिला.

बेळगाव शहरात पाऊस १२०० मिमीच्या आसपास, आणि अथणीकडं जाईपर्यंत तो ५००-६०० वर येतो. तिथं सुटलेलं वाहून जायला पाणीच नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका तिथंच जमतात आणि त्यातून स्मेक्टाइट नावाची चिकणमाती होते, जी पाण्यानं फुगते आणि उन्हानं आक्रसते. तीच आपली काळी. शिवाय उरलेल्या कॅल्शियमचे चुनखडीचे खडे होतात. काळा रंग बघून लोकांना वाटतं सेंद्रिय खच्चून भरलंय, तसं नाही, काळ्या रानात सेंद्रिय कर्ब (कार्बन) बऱ्याचदा १ टक्क्याच्या खालीच असतो, जो थोडा आहे तो चिकणमातीला इतका घट्ट चिकटलेला असतो की सगळंच काळं दिसतं.

आणि हाच खेळ एकाच रानात लहान प्रमाणात चालतो. माथ्यावर पाणी थांबत नाही म्हणून तांबडं किंवा मुरमाड, तळाला वरचं धुतलेलं सगळं येऊन साचतं म्हणून काळं. १९३० च्या दशकात मृदाशास्त्रज्ञ जेफ्री मिल्न यांनी पूर्व आफ्रिकेत उतारावरच्या मातीची ही साखळी नीट मांडली. आपल्या शेतकऱ्यांना ती पहिल्यापासून माहीत होतीच, नाहीतर माळ, पड, मळी अशी वेगवेगळी नावं पडली नसती.

पहिली पायरी : रेघ ठरवा

रानाच्या सर्वात उंच बांधापासून पाणी जिथं जातं त्या ओढ्यापर्यंत एक सरळ रेघ धरा. तुमचं रान तेवढं लांब नसेल तर शेजाऱ्याला विचारून त्याच्या रानातून जा, रेघ मधेच तोडू नका, कारण तुमच्या रानात जी माती आहे ती वरच्याच्या रानातूनच आलेली असते. त्या रेघेवर पाच जागा, माथा, माथ्याखालचा खांदा, मधला उतार, पायथा, आणि ओढ्याकडचा तळ. जमीन सपाट वाटत असेल तर पावसात एकदा उभं राहून पाणी कुठून कुठं जातं ते बघा, डोळ्याला न दिसणारा उतार पाण्याला दिसतो.

वेळ म्हणाल तर दिवाळीच्या आसपास माती ओली पण चिखल नाही, खड्डा काढायला सोपं. भेगा बघायच्या असतील तर मार्च-एप्रिल. पावसाळ्यात काळ्या रानात खड्डा काढू नका, भिंत ढासळते.

दुसरी पायरी : आयते काप बघून डोळा बसवा

स्वतःच्या रानात कुदळ घालायच्या आधी आयते उघडे काप बघा, नव्यानं खोदलेली विहीर, शेततळं, रस्त्याचा काप, चिऱ्याची खाण. मालकाला विचारून जा, आणि खाणीच्या कड्याच्या पोटात उभं राहू नका. जांबोटी रस्त्याला लागलं की रस्त्याच्या कडेला जे काप आहेत तिथं तासभर घालवला तरी खूप कळतं.

मी जे बघायला सांगतो ते असं. खाली दगडाचा गोटा शोधा, माणसाच्या डोक्याएवढा. त्याच्या भोवती कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले असतात, बाहेरचा पापुद्रा बोटानं दाबला की भुगा होतो, पिवळसर-तांबूस, त्याच्या आतला जरा कठीण, आतला आणखी, आणि मधे काळा ठणठणीत दगड, कुदळ मारली तर ठिणगी पडेल असा. त्या एका गोट्यात दगड, मुरूम आणि माती तिन्ही एकमेकांपासून वितभर अंतरावर असतात. बोटानं बाहेरून आत चाचपत जा. माती होते म्हणजे काय हे याच्यापेक्षा चांगलं कुठं बघायला मिळत नाही, आणि पोरांना बरोबर न्या, त्यांना ते लगेच कळतं.

तिसरी पायरी : खड्डा

सामान : कुदळ, खोरं, पहार, मोजपट्टी, जुनी सुरी, पाण्याची बाटली, काचेची उभट बरणी, पीएच (आम्लता) मोजायच्या पट्ट्या, डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीत घालतात ते चालतं), आणि लॅब सामानाच्या दुकानातून १० टक्क्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल छोट्या बाटलीत. आम्ल हाताळताना हातमोजे आणि चष्मा लावा, आणि ते पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. संडास धुवायचं अ‍ॅसिड वापरू नका, त्यात आणखी काय काय असतं.

खड्डा मीटरभर लांब, कुदळ फिरेल एवढा रुंद, आणि मीटरभर खोल किंवा मुरूम लागेपर्यंत. त्यापेक्षा खोल माणूस उतरवून जाऊ नका, हे कळकळीनं सांगतोय, मातीची भिंत आवाज न करता येते. एक भिंत उन्हाच्या बाजूला ठेवा, तिच्यावर पाय देऊ नका, माती तिच्या वर टाकू नका. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला, म्हणजे बुजवताना जिथली तिथं जाते. रात्री खड्डा उघडा ठेवायचा नाही, जनावर पडतं.

चौथी पायरी : भिंत वाचायची

सुरीनं भिंत वरून खाली खरवडा, खोऱ्यानं गुळगुळीत झालेली पाठ निघाली पाहिजे. मग वरून खाली बघत जा आणि जिथं रंग, कठीणपणा किंवा मुळं बदलतात तिथं रेघ मारून मोजपट्टी लावून फोटो काढा. रंग नेहमी ओल्या मातीचा नोंदवा, कोरडी माती फसवते.

माथ्याच्या खड्ड्यात बहुतेक वितभर माती आणि खाली मुरूम. इथं लोक निराश होतात, पण मुरूम सुरीनं निघतो का बघा, निघत असेल तर मुळं त्यात जातात आणि पाणी पण मुरतं, आंबा-काजूला ते वाईट नाही. सुरी वाजत असेल तर गोष्ट वेगळी.

मधल्या उतारावर तांबूस माती, आणि बऱ्याचदा वरच्या थरापेक्षा खालचा थर जास्त चिकट लागतो, कारण बारीक चिकणमाती पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरते. जांभ्याच्या भागात छोट्या गोल कठीण गोळ्या सापडतात, लोहाच्या. मूठभर मातीत त्या किती येतात ते लिहा, जास्त असतील तर पाणी धरायची ताकद तेवढी कमी.

पायथ्याला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तिथं वरून आलेली माती आणि जागेवर झालेली माती एकावर एक असतात. एखादी खड्यांची ओळ आडवी दिसली, तिच्या वर एक रंग आणि खाली दुसरा, तर वरचं सगळं वाहून आलेलं. पायथ्याची माती खोल आणि बऱ्यापैकी समतोल असते, रानातला सगळ्यात भरवशाचा तुकडा हाच, आणि आपण नेमकं तिथंच घर किंवा गोठा बांधतो.

तळाच्या काळ्या खड्ड्यात तीन गोष्टी शोधा. एक, भेगा, किती रुंद आणि किती खोल. १ सेंमीपेक्षा रुंद भेग ५० सेंमीच्या खाली गेली असेल तर ती अस्सल भेगाळ काळी. दोन, साधारण दोन-तीन फुटांवर ढेकूळ फोडलं की तिरपी, गुळगुळीत, चकाकणारी पाठ निघते, हात फिरवला तर तेल लावल्यागत, ती दोन ढेकळं फुगून एकमेकांवर घासून झालेली असते. विजेचे खांब, बांध, विहिरीचं बांधकाम काळ्या रानात का कलतं त्याचं कारण तिथं हातात येतं. तीन, पांढरे खडे, ते किती खोलीवर सुरू होतात ते लिहा. राखाडी मातीत गंजाचे ठिपके दिसले तर त्या खोलीपर्यंत वर्षातले काही महिने पाणी उभं राहतं, तिथं भात ठीक, बाग नको. खानापूरची मातीची भांडी आणि कौलं ज्या चिकणमातीची होतात ती सखल जागीच सापडते हे आठवलं की खोऱ्याच्या तळाशी काय चालतं ते कळतं.

पाचवी पायरी : हातानं करायच्या तपासण्या

लिंबाएवढी माती घेऊन पाणी घालत मळा आणि अंगठ्यानं बोटावरून फीत काढा. फीत अडीच सेंमीच्या आत तुटली तर हलकी, पाच सेंमीपर्यंत मध्यम, त्याच्या पुढं भारी. पण तांबड्या मातीत एक गोम आहे. लोहामुळं चिकणमातीचे कण एकत्र चिकटून वाळूसारखे दाणे होतात, पहिल्यांदा मळलं की रेताड वाटते आणि माणूस फसतो, म्हणून तांबडी माती चार-पाच मिनिटं नेटानं मळा, दाणे फुटले की ती अचानक चिकट व्हायला लागते. काळीला उलट मळायचं काही नाही, ती हातालाच सोडत नाही.

बरणीत तिसरा भाग माती, पाणी, चिमूटभर भांड्याचा साबण, जोरात हलवा. मिनिटभरात बसते ती वाळू, दोन-तीन तासांत पोयटा (वाळूपेक्षा बारीक कण), त्याच्यानंतर चिकणमाती. काळी माती दुसऱ्या दिवशीसुद्धा पुरती बसत नाही, तेच तिचं उत्तर समजा.

आम्लाचे दोन थेंब प्रत्येक थरावर टाका. चुना असेल तर फसफसतं. कणकुंबी-जांबोटीकडं काही होणार नाही, अथणी-रायबागकडं चांगलं उकळेल. फसफस कुठल्या खोलीवर सुरू होते ते महत्त्वाचं, द्राक्ष-डाळिंब लावणाऱ्यांनी तर हे बघितल्याशिवाय खड्डे काढूच नयेत.

आम्लता बघायला एक भाग माती आणि अडीच भाग डिस्टिल्ड वॉटर, ढवळून अर्धा तास ठेवा, मग पट्टी बुडवा. पश्चिमेच्या तांबड्या मातीत ५ ते ६, पूर्वेच्या काळ्या मातीत ८ च्या पुढं हे साधारण चित्र. चुनखडीमुळं पीएच साधारण ८.४ पर्यंतच जातो, त्याच्या वर म्हणजे ८.५ च्या पुढं गेला तर सोडियमचा संशय घ्या.

सोडियमची तपासणी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कमी लोक करतात. वाळलेलं हरभऱ्याएवढं ढेकूळ पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा, हलवायचं नाही. विरघळून ढीग झाला आणि पाणी स्वच्छ राहिलं तर ठीक. ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरला तर चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेली माती. हे बोअरच्या पाण्यात करू नका, त्यातल्या क्षारांमुळं ढग येत नाही आणि आपण निश्चिंत होतो. कृष्णाकाठी वर्षानुवर्षं ऊस आणि पाटपाणी चालू असलेल्या काळ्या रानांना ही तपासणी दरवर्षी करावी असं माझं स्पष्ट मत आहे, पांढरा थर वर दिसायला लागेपर्यंत वाट बघितली तर फार उशीर झालेला असतो.

आणि राखेची माती आहे का ही शंका असेल तर वजन करा. १० सेंमी व्यासाचा, १० सेंमी उंचीचा, दोन्ही तोंडं उघडा डबा जमिनीत ठोका, भरलेला बाहेर काढून कडा सुरीनं सपाट करा. त्यात ७८५ घन सेंमी माती असते. ती उन्हात पसरून मग कढईत मंद आचेवर पूर्ण कोरडी करून तोला. राखेची माती असती तर साधारण ७०० ग्रॅमच्या आत भरली असती. आपल्याकडं हजार-अकराशे ग्रॅम किंवा जास्त भरते. त्याच आकड्याचा दुसरा उपयोग, बांधाखालची न नांगरलेली जागा आणि ट्रॅक्टर फिरलेली जागा दोन्ही तोला, माती किती आवळली गेली ते ग्रॅममध्ये दिसतं. दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच ओलीचे घ्या, कारण काळी माती ओलीप्रमाणं फुगते.

सहावी पायरी : नकाशा आणि नमुने

कागदावर रानाची आकृती काढून जिथं माती बदलते तिथं रेघ मारा. दोन-तीन पट्टे होतील. प्रत्येक पट्ट्याचा नमुना वेगळा. एका पट्ट्यात नागमोडी फिरत १०-१५ जागा, वरचा कचरा बाजूला करून इंग्रजी व्ही आकाराचा १५-२० सेंमी खोल खड्डा, त्याच्या बाजूची वरपासून खालपर्यंत सारखी चकती. बांध, उकिरडा, झाडाची सावली, विहीर, खताची पोती ठेवलेली जागा सोडा. सगळं घमेल्यात कालवून गोल पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा, कापडी पिशवीत भरा, खताच्या रिकाम्या पोत्यात अजिबात नाही. फळबाग लावायची असेल तर एक फूट, दोन फूट, तीन फूट असे वेगळे नमुने.

कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात नमुन्याबद्दल विचारता येतं, बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोपला कृषी विज्ञान केंद्र आहे. २०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी येतात, त्यात सेंद्रिय कर्ब, पीएच, क्षारता, जस्त आणि लोह आधी वाचा. चिठ्ठीवर "माथा, तांबडी" किंवा "तळ, काळी, फसफस १ फुटावर" असं लिहा, फक्त सर्व्हे नंबर नको.

रिपोर्ट हातात आल्यावर

तांबड्या आंबट पट्ट्यात स्फुरद लोह-अ‍ॅल्युमिनियमला बांधलं जातं, राखेच्या मातीसारखंच पण जरा कमी, म्हणून फोकून टाकू नका, शेणखतात मिसळून मुळाजवळ ओळीत द्या. चुना घालायचा तो लॅबनं सांगितलेल्या मापानंच, जास्त झाला तर जस्त अडकतं. नाचणी, रताळी, भुईमूग, काजू या मातीला धरून आहेत. काळ्या चुनखडीच्या पट्ट्यात लोह आणि जस्त असूनही पिकाला मिळत नाही, कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या की तेच. तिथं चुना घालणं म्हणजे आगीत तेल. वाफसा आल्याशिवाय औत घालू नका, गादीवाफे करा. शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात भातानंतर उरलेल्या ओलीवर मसूर-हरभरा घेतात ते या मातीचा स्वभाव ओळखूनच. चोपण निघाली तर जिप्सम, पण आधी पाणी बाहेर काढायला चर, चर नसताना जिप्सम टाकलं तर सुटलेलं सोडियम तिथंच फिरत राहतं. आणि तांबड्या आंबट मातीत जिप्समनं पीएच वाढत नाही, तिथं दुकानदार देतोय म्हणून घेऊ नका.

माथ्याची माती तळाला जाते ती थांबवायला समतल बांध आणि बांधावर गवत. तळाचा गाळ उन्हाळ्यात काढून परत माथ्यावर पसरणारी माणसं आपल्या भागात आहेत, आणि मुरमाड तुकड्यात त्या काळ्या गाळाचा थर चांगला काम करतो, फक्त पसरण्याआधी त्या गाळाचं एक ढेकूळ पावसाच्या पाण्यात सोडून बघा. ढग आला तर तो गाळ वर नेऊ नका.